बापूंची गादी आणि माझं नाक

आजारपण माणसाला अंतर्मुख करतं, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस हळूहळू स्वतःच्या आत पाहू लागतो, तिथे त्याला काहीतरी सापडतं, आणि बरा झाला की तो त्याविषयी लिहितो. मीही लिहितो आहे. फरक एवढाच की मला स्वतःच्या आत नव्हे, अंथरुणाच्या आत पाहावं लागलं, आणि तिथे जे होतं ते साध्या डोळ्यांना दिसत नाही.

मला धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी आहे. हे किडे गादीत, उशीत, गोधडीत राहतात. माणसाच्या अंगावरून कातडीचा जो बारीक कोंडा गळतो त्यावर जगतात. चावत नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची विष्ठा श्वासाबरोबर आत गेली की काही लोकांचं नाक बिथरतं, आणि पुढे छातीही. त्या काही लोकांपैकी मी एक. वैद्यकीय माहिती एवढीच; बाकीची आपापल्या डॉक्टरांकडून घ्यावी.

लिहायचं कारण असं, की या आजाराच्या माणसाला घरात किंवा बाहेर कुणी आजारी समजत नाही. ताप नाही, प्लास्टर नाही, भेटायला येणाऱ्यांनी सफरचंदं आणावीत असं काही नाही. नुसता माणूस शिंकतो. अशांना सोबत म्हणून हे लिहिलं आहे. शिवाय मी जी चूक केली ती त्यांनी करू नये, असंही वाटतं.

पहाटेचे पाच

मी जालन्यात मस्तगडला राहतो आणि अंबडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. रोज बसने जाऊन येऊन. दोन वर्षं माझा दिवस गजराने नव्हे, शिंकेने सुरू झाला. पाचच्या सुमारास पहिली, मग वीस-बावीस एका दमात. डोळ्यांतून पाणी, टाळूला आतून खाज, आणि ती खाज जिभेने खाजवायची असते. मी उठून घरभर फिरायचो. बाल्कनीत उभा राहायचो, परत आत यायचो, कूस बदलायचो, पुन्हा उठायचो. बायको, सुमन, पांघरुणातून विचारायची, "किती झाल्या?" तिचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर असायचा.

आठच्या बसमध्ये बसलं की नाक शांत. घरापासून जितकं लांब, तितकं बरं वाटायचं. या लक्षणाचा अर्थ काढताना सहकाऱ्यांनी अजिबात संकोच केला नाही.

"सर, याला अ‍ॅलर्जी म्हणत न्हाईत, लग्न म्हणतेत," असं आमचे भूगोलाचे प्राध्यापक म्हणाले. मग त्यांनी मला नाकात मोहरीचं तेल घालायला सांगितलं. मी घातलं. त्याविषयी जास्त न बोललेलं बरं.

पावसाळा संपता संपता त्रास वाढायचा, आणि बसमध्येही पाठ सोडायचा नाही. अशाच दिवसांत संस्थेच्या एका माजी संचालकांची शोकसभा होती. या गृहस्थांना मी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. दोन मिनिटांच्या शांततेत मी चौदा वेळा शिंकलो. डोळे लाल, नाक लाल, हातात ओला रुमाल. समारोपात अध्यक्ष म्हणाले, "सरांना आपला शोक आवरता आला नाही, हे आपण सर्वांनी पाहिलं." त्यानंतर वर्षभर प्रत्येक शोकसभेत मला पहिल्या रांगेत बसवण्यात आलं.

पांढरं सोनं

सुमनचं म्हणणं वेगळं होतं. "गादी पिंजून घ्यावं लागतंय. दबली ती. दबल्या गादीवर झोप लागत न्हाई, झोप न्हाई तर शिंका येणारच."

ही गादी आमच्या लग्नातली. सुमनचं माहेर अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या पलीकडे, पाच-सहा किलोमीटरवर. लग्न गावातच झालं. आहेर देताना एका स्थानिक पुढाऱ्याने माईक हातात घेतला आणि माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे बापूंकडे, हात करून सांगितलं, की या शेतकऱ्याने काळ्या आईच्या कुशीतलं पांढरं सोनं वेचून लेकीच्या संसाराला अंथरलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भाषणांवर सहसा विश्वास ठेवत नाही. सूत्रसंचालन करून करून ती सवय गेली आहे. पण त्या दिवशी मी बाशिंग बांधून बसलो होतो, आणि त्या अवस्थेत माणसाची पारख जरा सैल असते.

बापू आठ वर्षांपूर्वी गेले. कमी बोलणारा, माझ्याशी तर जवळपास न बोलणारा माणूस. ते गेल्यापासून ती गादी माझ्या लेखी नुसती गादी राहिली नव्हती.

तर रसूलचाचा आले. त्यांचं पिंजायचं मशीन हातगाडीवर असतं. ते गच्चीवर चढवलं, गादी फाडली, कापूस आत घातला. पांढरा धूर उठल्यासारखा दिसत होता. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो, कारण कारागिराजवळ घरातलं माणूस असावं असा आमच्याकडे रिवाज आहे.

"सर, रुई एक नंबर है," चाचा मूठभर कापूस माझ्या नाकासमोर धरून म्हणाले. "सत्ताईस साल की लगतीच नै. बहुत जान है इसमें."

त्यात किती जीव होते ते मला पुढच्या तासाभरात कळलं. सुमनने मला दंड धरून जिन्यावरून खाली आणलं. चाचांना वाटलं, जुन्या आठवणींनी सरांना भरून आलं.

निदानाचा दिवस

जालन्यातल्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही शेवटी गेलो त्या वयाने माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या होत्या आणि फार बोलत नव्हत्या. मला दोन्ही गोष्टी आवडल्या. जानेवारी संपत आला होता. आठवडाभर शिंकांवरच्या गोळ्या बंद ठेवून त्यांनी मला बोलावलं, हातावर पेनाने रेघा मारल्या, प्रत्येक रेघेपाशी एकेक थेंब ठेवला आणि थेंबातून बारीक टोचलं. मग म्हणाल्या, "वीस मिनिटं बसा. खाजवायचं नाही."

सुमन शेजारी बसून माझा दुसरा हात घट्ट धरून होती. समोरच्या बाकावरच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसून आमच्याकडे बघायला लावलं. त्यांना वाटलं असेल, या वयातही काय माया आहे. माया होतीच, पण हात खाजवू नये म्हणून धरलेला होता.

वीस मिनिटांनी एका रेघेजवळ गांधी उठली होती, मोठ्या बोराएवढी. डॉक्टर म्हणाल्या, "धुळीतले किडे. अंथरुणातले."

"आमच्या घरात?" सुमनचा आवाज एकदम चढला. "मी रोज दोन टाइम झाडते मॅडम. बिलकुल कचरा दिसणार न्हाई तुम्हाला."

"सगळ्यांच्याच घरात असतात ताई. झाडून जात नाहीत, उडतात उलट. ओल्या फडक्याने पुसत जा."

सुमनचा चेहरा उतरला. सत्तावीस वर्षांचं झाडणं एका वाक्यात निकालात निघालं होतं. मला त्या क्षणी माझ्या हातापेक्षा तिच्याकडे बघवेना.

"गादी कसली आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कापसाची."

"किती जुनी?"

सांगितल्यावर त्यांचा पेन थांबला. "ती आजच्या आज काढा," त्या म्हणाल्या. मग बाकीचं सांगितलं: नवी गादी आणि उश्या चेनच्या कव्हरमध्ये, चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, खोलीत पडदे-सतरंज्या नकोत, ओल नको, नाकातला फवारा रोज, विसरायचं नाही. छातीत थोडी शिट्टी वाजते आहे, ती वाढू द्यायची नाही.

घरी आलो तेव्हा दूधवाला दारातच उभा होता. सुमनने दूध घेतलं, आत गेली, परत आली आणि समोर बसली.

"मंग? काय करायचं गादीचं?"

मी जरा गंभीर झालो. "सुमन, डॉक्टर काय, कागदावर लिहून मोकळ्या होतात. ती गादी बापूंची आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती. मग एकदम उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला तिची पाठ दिसत होती, ओट्यावर वाकलेली. मला जे समजायचं ते मी समजलो.

ती परत आली तेव्हा माझा निर्णय झालेला होता. "गादी कुठेही जाणार नाही," मी म्हणालो. "दिवाणात ठेवू."

"दिवाणात?" ती म्हणाली. "बरं."

आमचा दिवाण म्हणजे खाली खोका असलेला पलंग. वरची प्लायवूडची फळी उचलली की आत पाहुण्यांचं अंथरूण: चार गोधड्या, सहा उश्या, दोन सतरंज्या, आणि मला वेळोवेळी सत्कारात मिळालेल्या अकरा शाली. आमच्याकडे घर किती का लहान असेना, दहा पाहुण्यांचं अंथरूण आत असतंच. ते पाहुणे एकदम कधी येत नाहीत, पण येतील. आम्ही दोघांनी बापूंची गादी दुमडली, मी गुडघ्याने दाबली, वर फळी बसवली. फळीवर काथ्याची नवी गादी आली. मुलगी पुण्यात असते. तिने मागवलेलं कव्हर गादीवर चढवलं, चेन लावली. त्या संध्याकाळी मला स्वतःविषयी फार बरं वाटलं. आजारी माणसाला असं वाटू लागलं तर घरच्यांनी लक्ष ठेवावं.

उन्हाळा

पुढचे नऊ महिने मी नियम पाळण्यात घालवले. दर रविवारी चादरी, अभ्रे उकळत्या पाण्यात. गच्चीवर कडक वाळवायचे. घड्या मी स्वतः घालायचो आणि नेहमीच्या जागी ठेवायचो. पडदे गेले. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या खोलीत गेलं, हे मला गादीपेक्षा जड गेलं. खोली अशी दिसू लागली की आम्ही कालच राहायला आलो आहोत किंवा उद्या सोडणार आहोत.

थोडं बरं वाटलंही. मार्च कोरडा गेला. वीस शिंकांच्या बारा झाल्या. मग एप्रिल आला आणि कूलर.

जालन्याच्या उन्हाळ्यात कूलरवाचून झोपणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पण कूलर चालला की खोलीत ओल धरते. चार रात्रींत माझं नाक पूर्ववत झालं. डॉक्टर म्हणाल्या, बेडरूममध्ये कूलर नको.

"कूलर बंद?" सुमन म्हणाली. "मे महिन्यात? मॅडमला म्हणावं, तुम्ही झोपून दाखवा."

दोन रात्री ती माझ्याबरोबर पंख्याखाली तळमळली. तिसऱ्या दिवशी कूलर बाहेरच्या खोलीत गेला आणि त्याच्यासमोर लोखंडी पलंगावर ती.

"उन्हाळ्यापुरतं हो," ती म्हणाली.

मी आत पंख्याखाली, कोरडा आणि जागा. पंखा गरम हवा ढवळायचा. मी उशी उलटायचो, थंड बाजू दोन मिनिटांत गरम व्हायची, परत उलटायचो. भिंतीपलीकडे कूलरची घरघर आणि तिच्यात सुमनचं घोरणं. इतकी वर्षं मी त्या घोरण्याबद्दल तक्रार केली होती.

तात्पुरतं

पावसाळा आला, कूलर बंद झाला, पण सुमन काही आत आली नाही. कारण माझ्या शिंका परत वीसवर गेल्या होत्या आणि तिला पहाटे पाचपर्यंत तरी झोप हवी होती. यात तिची काही चूक नव्हती. आधी तिचा पाण्याचा तांब्या बाहेर गेला. मग गुडघ्याला लावायचं मलम. जुलैत कधीतरी तिचा मोबाइलचा चार्जर बाहेर गेला, आणि त्या दिवशी मला खरी भीती वाटली. तांब्या उचलून आणता येतो. चार्जर जिथे लागतो तिथे माणूस राहतो.

इतिहासात तात्पुरत्या म्हणून केलेल्या व्यवस्था किती टिकतात हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं आहे. मला मोठं काही नको होतं. आपल्या खोलीत, बायकोच्या शेजारी आडवं व्हावं आणि उजाडेपर्यंत झोपावं, एवढंच. हे मागणं लिहून काढलं तर एका ओळीत बसतं. पण ते कुणाकडे मागायचं ते कळत नव्हतं.

मी चिडचिडा झालो. चादरींवर वास घेत बसायचो. सुमन म्हणायची, "काय हुंगून राह्यले त्या चादरीला? दोनदा उकळली मी ती."

"मग होतं कशाने?"

"मला काय विचारता? मी काय डॉक्टर हाय?"

आमची भांडणं चादरीच्या घडीवरून होऊ लागली. या वयात भांडणाचे विषय असे लहान होत जातात.

रेक्झीन

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी शिंका आल्याच नाहीत. त्याऐवजी श्वास अडला. आत जायचा, बाहेर येताना शिट्टी वाजवत अर्ध्यात थांबायचा. मी वर्गात पाऊण तास न थांबता बोलू शकतो. त्या सकाळी 'पाणी' हा शब्द मी दोन हप्त्यांत उच्चारला. सुमन पायात चपला न घालता खाली पळाली आणि रिक्षा घेऊन आली. रस्ताभर तिने मला बोलू दिलं नाही. स्वतः मात्र एकसारखी बोलत होती, रिक्षावाल्याशी, माझ्याशी, मधूनच बापूंशी. त्या दहा मिनिटांत मला पहिल्यांदा वाटलं, की शिंकणारा माणूस मरूही शकतो.

दवाखान्यात तोंडावर वाफेचा मास्क आला. तासाभराने वाक्यं परत आली. तीन दिवस ठेवून घेतलं. सकाळी सहाला ताप बघायला नर्स, सातला चहा, आठला मास्क, दहाला डॉक्टर, मग पुढच्या मास्कची वाट. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमाला काय झालंय?"

"गादीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी."

"ढेकनाचं औषध टाका मंग."

"ढेकूण नाहीत बाबा. हे दिसत नाहीत."

"न दिसणाऱ्यावर औषध कुठं टाकायचं?" ते म्हणाले. "तुमचं अवघड हाय."

त्या वॉर्डात माझी प्रकृती सुधारली, एवढंच नाही, मी झोपलो. रेक्झीनच्या थंडगार, कुरकुरणाऱ्या गादीवर सलग सहा तास. खाली चटईवर सुमन. पाच महिन्यांनी आम्ही एका खोलीत झोपलो होतो. खोलीत आणखी सहा जण होते, पण मी तक्रार केली नाही.

"तुम्ही आज शिंकलाच न्हाईत," ती सकाळी म्हणाली.

"इंजेक्शनं चांगली आहेत," मी म्हणालो.

घरी सोडताना डॉक्टरांनी छातीसाठी पंप दिला, तो कसा ओढायचा ते तीनदा करून घेतलं, आणि म्हणाल्या, "असे झटके परत परत आले तर प्रकरण नाकाचं राहणार नाही. घरी असं काय आहे, जे इथे नव्हतं?"

मी पाठ म्हणावा तसं सगळं सांगितलं. पडदे नाहीत, कूलर नाही, चादरी उकळून.

"आणि ती जुनी गादी?"

"ती तर केव्हाच काढली," मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा त्यागाचा सूर होता, हेही कबूल करतो.

भाऊबीज

दिवाळीपर्यंत मी पंपावर तरलो. भाऊबीजेला सुमनचा थोरला भाऊ दत्ताभाऊ आला. बायको, दोन मुली आणि मेहुणी अशी पूर्ण जीप भरून. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली ते पाहुणे एकदम आले.

जेवणं झाल्यावर सुमन म्हणाली, "दत्ता, दिवाणातली अंथरुणं काढ रे."

"दाजी, सरका जरा," म्हणत दत्ताभाऊने एका हाताने माझी गादी उभी केली आणि फळी उचलली. मी दारात उभा होतो. आतून एक कोंदट, ओळखीचा वास आला. मी नऊ वेळा शिंकलो. डोळे पुसून बघितलं तर खोक्यात सगळ्यात वर माझ्या चादरी होत्या. उकळलेल्या, वाळवलेल्या, कडा जुळवून घडी घातलेल्या. त्याखाली अकरा शाली. त्याखाली बापूंची गादी.

चादरींची नेहमीची जागा ती होती. नऊ महिने दर रविवारी मी स्वच्छ चादर करत होतो, ती बापूंच्या गादीवर आठवडाभर मुरत ठेवत होतो, आणि मग काढून तिच्यावर तोंड ठेवून झोपत होतो. गादीही खोलीतच होती. माझ्या पाठीपासून एक फळी खाली.

दत्ताभाऊने गादी बाहेर ओढली. "आँ? ही अजून हाय व्हय?"

"ह्यांनी ठिवली," सुमन म्हणाली.

"राहू द्या," मी रुमालातून म्हणालो. "बापूंच्या शेतातला कापूस आहे तो."

दत्ताभाऊने गादी खाली टेकवली. "कोणत्या शेतातला?"

"तुमच्या. लग्नात सांगितलं होतं की. काळ्या आईच्या कुशीतला..."

"दाजी, तवा आपला समदा ऊस होता. कारखान्याला जायचा." त्याला हसू आवरेना. "ऊस पिंजून गादी भरतेत का? आन् माईकवर तर त्या बाबानं नवरदेव वकील हाय म्हणून बी सांगितल्तं. ही गादी बापूनं इकत आणल्ती. इथूनच. मस्तगडातून."

सत्तावीस वर्षं मी सासुरवाडीला गेलो तो रस्ता दोन्ही बाजूंनी उसाचा आहे. मी इतिहास शिकवतो. साधनं तपासून घ्या, असं दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो.

हिवाळा

गादी दुसऱ्या दिवशी जीपच्या टपावर बांधून गावी गेली. दत्ताभाऊ म्हणाला, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे खोपटात, राखणीला झोपायला कामाला येईल. गोधड्या, शालीही गेल्या. खोका पुसून, उन्हात वाळवून रिकामा ठेवला. चादरी आता बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात, मराठ्यांच्या इतिहासाच्या खालच्या कप्प्यात असतात. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. यापुढे मी पेशंटला गादी काढा म्हणणार नाही, घराबाहेर काढा म्हणेन."

म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की काढलेली वस्तू कुठे ठेवली ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी.

मी पूर्ण बरा झालेलो नाही. हा आजार जात नाही, समजुतीने राहतो. फवारा रोज चालू आहे, पंप खिशात असतो, थंडीत पहाटे दोन-चार शिंका येतात. पण नोव्हेंबर संपताना एके दिवशी अंघोळ करून आलो, तर दिवाणाशेजारच्या बोर्डाला सुमनचा चार्जर लावलेला होता. तांब्या संध्याकाळी आला, मलम दुसऱ्या दिवशी.

मग एका सकाळी, सहा-साडेसहाला, दोघंही जागे असून उठलो नव्हतो, तेव्हा मी विचारलं, "गादी शेतातल्या कापसाची नव्हती, हे तुला माहीत होतं?"

"असंल की. आमच्याकडं कुठं होता कापूस."

"मग सांभाळलीस कशाला इतकी वर्षं?"

"चांगली गादी होती. चांगली गादी फेकून देतेत का कुणी?"

मी कुशीवर वळलो. "आणि निदान झालं त्या संध्याकाळी? मी बापूंचं नाव काढलं आणि तू एकदम उठून आत गेलीस. तोंड फिरवून उभी होतीस."

"कवा?"

मी तिला सगळं आठवून दिलं. डॉक्टर, दूधवाला, समोर बसणं, उठून जाणं. माझ्या आयुष्यातले नऊ महिने त्या पाठीकडे बघून ठरले होते. सुमनने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला.

"गॅसवर दूध ठिवलं असंल," ती म्हणाली.

ठेवलं होतं. एक लिटर, म्हशीचं.